खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर दुखणं परत आलं तर... वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर सांध्यात जंतुसंसर्ग झाला आहे की नाही, हे कसं ओळखायचं याबद्दल रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि रुग्णालयात काम करणाऱ्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. उत्तरं अस्थिशल्यचिकित्सक आणि सूक्ष्मजीवतज्ज्ञ यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : वडिलांचं वय ६१. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या खांद्याचा सांधा बदलला, रिव्हर्स प्रकारचा (ज्यात गोळा आणि वाटी यांच्या जागा उलट असतात). पहिले चार-पाच महिने छान गेले, हात डोक्याच्या वर जायला लागला होता. आता पुन्हा दुखतं आणि खांदा जखडत चाललाय. ताप नाही, व्रण स्वच्छ आहे. शरीरातली सूज मोजणाऱ्या रक्ताच्या चाचण्यांत सीआरपी ४, ईएसआर १८ आला. फॅमिली डॉक्टर म्हणतात, 'रक्त चांगलं आहे, व्यायाम वाढवा.' शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना मात्र जंतुसंसर्गाची शंका येते. कुणाचं ऐकायचं?

उत्तर : शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांचं. आधी बरं वाटलं आणि मग पडणं-झडणं काही नसताना खांदा पुन्हा दुखायला, आखडायला लागला, तर आम्ही पहिली शंका जंतुसंसर्गाची घेतो. तो सापडेलच असं नाही, पण तो नाही हे पटेपर्यंत तपास थांबवायचा नसतो.

रक्ताच्या रिपोर्टवर भिस्त का ठेवता येत नाही, याचं कारण जंतूतच आहे. गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या सांध्यात बऱ्याचदा स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखा आक्रमक जंतू सापडतो. तो शिरला की ताप, सूज, लाली, पू असा सगळा गाजावाजा होतो. खांद्यात सर्वांत जास्त सापडतो तो क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस. २०१६ पर्यंत त्याचं नाव प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस होतं, त्यामुळे जुन्या रिपोर्टांवर तेच दिसेल. हा आपल्या सगळ्यांच्या त्वचेत राहतो, पण वरच्या थरावर नाही, तर केसांच्या मुळाशी आणि तेलग्रंथींमध्ये. छाती, पाठ आणि खांद्यावर या ग्रंथी दाट असतात आणि पुरुषांमध्ये जंतूंची संख्याही जास्त असते. शस्त्रक्रियेपूर्वी त्वचेला लावलेलं जंतुनाशक वरचे जंतू मारतं, ग्रंथीच्या तळापर्यंत पोचत नाही. पातं त्या थरातून गेलं की कापलेल्या ग्रंथींमधून जंतू जखमेत उतरतात.

तिथे तो धातूच्या आणि प्लॅस्टिकच्या भागांवर चिकट पापुद्रा धरून बसतो. अगदी संथ वाढतो आणि शरीराला फारसं डिवचत नाही. सीआरपी आणि ईएसआर म्हणजे शरीराच्या प्रतिकाराचं मोजमाप. प्रतिकारच मंद असेल तर आकडे नॉर्मलच येणार. ते वाढलेले आले तर उपयोगी. नॉर्मल आले तर त्यावरून संसर्ग नाही असं म्हणता येत नाही.

एक गोष्ट आजच तपासा. सीआरपी ४ म्हणजे ४ काय? काही प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. नॉर्मलची वरची मर्यादा १० मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजेच १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. वडिलांचा आकडा प्रति डेसिलिटरमध्ये असेल तर तो नॉर्मल नाही, चारपट वाढलेला आहे. ही गफलत वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते.

पुढचा टप्पा एक्स-रेचा. नवा एक्स-रे एकटा पाहून फारसं कळत नाही. तो शस्त्रक्रियेनंतर लगेच काढलेल्या एक्स-रेशेजारी ठेवून पाहावा लागतो. दंडाच्या हाडातला दांडा खाली सरकलाय का, त्याच्याभोवती काळी रेघ उमटून ती रुंदावत चाललीय का, हाड कुठे झिजलंय का, हे पाहायचं. त्याच वेळी दुखण्याची बाकीची कारणंही तपासली जातात. रिव्हर्स सांध्यात खांद्याच्या टोकाच्या हाडाला, म्हणजे ॲक्रोमियनला, बारीक तडा जाऊ शकतो. सांधा जंतूंशिवायही सैल होऊ शकतो. मानेतली नस दबूनही खांदा दुखतो. मग सांध्यात सुई घालून पाणी तपासायचं.

जाताना डिस्चार्ज समरी, बसवलेल्या सांध्याची स्टिकरं, पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे आणि शस्त्रक्रियेनंतर घेतलेल्या प्रत्येक ॲंटिबायोटिकचं नाव तारखेसह घेऊन जा. आणि तोपर्यंत 'एक कोर्स घेऊन बघू' म्हणून ॲंटिबायोटिक सुरू करू देऊ नका. सांध्यातलं पाणी घेण्याआधी किमान दोन आठवडे शरीरात ॲंटिबायोटिक नसावं. गोळ्यांनी पापुद्र्यातले जंतू मरत नाहीत, फक्त कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, उगवेनासे होतात. मग रोग तसाच राहतो आणि पुरावा तेवढा जातो.

प्रश्न : भावाचं दुर्बिणीतून रोटेटर कफ (खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या कंडरा) शिवण्याचं ऑपरेशन झालं. आज बारावा दिवस. एका छिद्रातून चार दिवसांपासून पिवळसर पाणी येत होतं. ओळखीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आता पाणी कमी झालंय. टाके काढायच्या दिवशी दाखवलं तर चालेल का?

उत्तर : नाही, आजच दाखवा. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सांध्यात भरपूर सलाइन सोडतात. ते पहिले एक-दोन दिवस छिद्रांतून झिरपतं, पट्टी भिजते, त्यात काळजीचं काही नाही. पण जखम कोरडी झाल्यावर आठवड्याने पुन्हा ओली होणं वेगळं. ते सांध्यातून येतंय असं धरूनच तपासायचं.

पाणी कमी झालं याचा अर्थ आतलं बरं झालं असा होत नाही. आत धागे अडकवायला हाडात बसवलेले अँकर आणि न विरघळणारे धागे आहेत. जंतू त्यांना चिकटले असतील तर गोळ्यांनी वरचं तोंड सुकतं आणि आत पू साचतो.

जखमेच्या तोंडावर कापूस फिरवून केलेला स्वॅब इथे कामाचा नाही. त्यात त्वचेवरचे जंतू उगवतात आणि खऱ्या जंतूवरचं लक्ष उडतं. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांत सीआरपी शिखर गाठतो आणि दोन-तीन आठवड्यांत जवळपास नॉर्मलला येतो. बाराव्या दिवशी तो उतरणीला लागलेला हवा. त्यामुळे एका आकड्यापेक्षा ४८ तासांच्या अंतराने केलेले दोन आकडे जास्त सांगतात. उतरून पुन्हा चढलेला सीआरपी फार बोलका असतो. ईएसआर मात्र कित्येक आठवडे वाढलेलाच राहतो, म्हणून इतक्या लवकर त्याला विचारू नये.

शंका खरी वाटली तर सर्जन सांधा धुऊन साफ करतात आणि त्याच वेळी आतल्या ऊतींचे नमुने घेतात. गोळ्या कोणत्या, किती, कधीपासून घेतल्या ते न लपवता सांगा. त्या बंद करायच्या की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या. आणि थंडी वाजून ताप आला, धाप लागली, भाऊ असंबद्ध बोलायला लागला, तर थेट आपत्कालीन विभागात जा. तिथे रक्ताचं कल्चर घेऊन लगेच ॲंटिबायोटिक सुरू करतात. अशा वेळी दोन आठवडे थांबायचा नियम लागू नाही.

प्रश्न : सांध्यातलं पाणी काढायला सुई घातली, पण काहीच निघालं नाही. म्हणजे संसर्ग नाही असं समजायचं ना?

उत्तर : तसं समजू नका. खांद्यात सुई कोरडी निघणं फार नेहमीचं आहे, खास करून क्युटिबॅक्टेरियमच्या संसर्गात, कारण पाणी मुळात कमी तयार होतं. कोरडी सुई म्हणजे तपासणी झालीच नाही, इतकाच अर्थ. सोनोग्राफी किंवा एक्स-रेखाली, सुईचं टोक सांध्यात असल्याची खात्री करून पुन्हा प्रयत्न करता येतो. बधिर करायचं औषध त्वचेपुरतंच ठेवावं, सांध्यात सोडू नये, कारण त्याने जंतूंची वाढ रोखली जाऊ शकते. सलाइन आत सोडून परत ओढलेल्या पाण्यात पेशी मोजू नयेत. पातळ झालेल्या पाण्यातला आकडा दिशाभूल करतो.

पाणी थोडंच निघालं तर पहिला हक्क कल्चरचा. ते ऑक्सिजनवर आणि ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या जंतूंसाठी लावायला सांगा. उरलं तर जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत पेशींसाठी, आणि त्याहून उरलं तर स्फटिकांसाठी, कारण गाउटसारखे आजारही संसर्गाची हुबेहूब नक्कल करतात. एका मायक्रोलिटरमध्ये ३,००० पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी किंवा त्यांत ८० टक्क्यांहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) असतील तर संशय बळावतो. याच पाण्यातलं एक प्रथिन मोजणारी आल्फा-डिफेन्सिन ही चाचणी गुडघा-खुब्यात जितकी भरवशाची ठरते तितकी खांद्यात ठरत नाही. ती निगेटिव्ह आली म्हणून फाइल बंद करू नये.

दोनदा सुई कोरडी निघाली आणि शंका कायम असेल तर दुर्बिणीतून आत जाऊन ऊतींचे तुकडे घेणं हा पुढचा रास्त मार्ग आहे. सुईच्या पाण्यात न सापडलेला जंतू तुकड्यांत सापडतो, कारण तो पाण्यात तरंगत नसतो, पडद्याला आणि धातूला धरून असतो.

प्रश्न : मी ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका आहे. खांद्याच्या दुसऱ्यांदा होणाऱ्या शस्त्रक्रियेत कल्चरचे नमुने कसे घ्यायचे आणि पाठवायचे, याबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगतो. नेमकं काय करावं?

उत्तर : हा प्रश्न आला याचा आम्हाला मनापासून आनंद झाला. निदान बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच, टेबल आणि प्रयोगशाळा यांच्या मधल्या वाटेवर.

नमुने किमान पाच, पाच वेगळ्या जागांवरून: सांध्याचं आवरण, दंडाच्या हाडाची पोकळी, दांड्याभोवतीचा पडदा, वाटीमागचा पडदा आणि जिथे ऊती सर्वांत विचित्र दिसते ती जागा. प्रत्येक तुकडा साधारण १ सेंटिमीटरचा. कापसाचा स्वॅब नको. त्यावर जंतू कमी येतात आणि आलेले कापसातच अडकतात. त्वचेच्या कडेचा किंवा जुन्या व्रणाचा तुकडा यात धरायचा नाही.

प्रत्येक नमुन्यासाठी नवा चिमटा आणि नवं पातं. हा कंटाळा नडतो. एकाच चिमट्याने पाचही तुकडे उचलले आणि पहिल्या वेळी तो त्वचेला लागलेला असेल, तर पाचही कल्चरमध्ये तोच जंतू उगवेल आणि नसलेला संसर्ग पक्का ठरेल. म्हणून ट्रॉली लावतानाच पाच चिमटे, पाच पाती आणि १ ते ५ आकडे लिहिलेले पाच निर्जंतुक डबे वेगळे मांडून ठेवा. तुकडा चिमट्यातून थेट डब्यात जावा. हातमोज्यावर किंवा मॉपवर टेकवू नये.

डब्यात फॉर्मॅलिन असता कामा नये. हिस्टोपॅथॉलॉजीचा (ऊती सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या तपासणीचा) डबा फॉर्मॅलिनचा, कल्चरचा कोरडा किंवा थोड्या निर्जंतुक सलाइनचा. दोन्ही डबे एकसारखे दिसतात आणि घाईत अदलाबदल होते. फॉर्मॅलिनमध्ये पडलेल्या तुकड्यातले जंतू मरतात, मग १४ दिवस ठेवूनही काही उगवणार नाही, आणि 'नो ग्रोथ' असा दिसायला अगदी व्यवस्थित, पण साफ खोटा रिपोर्ट हातात पडेल. फॉर्मॅलिनचे डबे नमुने घेऊन होईपर्यंत टेबलाजवळ आणूच नका. कल्चरचे डबे फ्रिजमध्ये ठेवू नका आणि दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. शस्त्रक्रिया संपेपर्यंत ते खिडकीत ठेवून चालत नाही. पहिला संच निघाला की माणूस पाठवा.

मागणीपत्रावर 'कल्चर' एवढंच लिहू नका. 'खांद्याचा कृत्रिम सांधा, क्युटिबॅक्टेरियमची शंका, एरोबिक आणि ॲनएरोबिक, १४ दिवस ठेवावं' असं पूर्ण लिहा, आणि कोणतं ॲंटिबायोटिक शेवटचं कधी दिलं तेही. त्वचा कापण्याआधीचा ॲंटिबायोटिकचा डोस नमुने निघेपर्यंत रोखायचा की द्यायचा, यावर सर्जनांची मतं सारखी नाहीत. तुमच्या टीमचं जे ठरलं असेल ते टाइम-आउटच्या वेळी, म्हणजे कापण्याआधी सगळे थांबून शेवटची खात्री करतात तेव्हा, मोठ्याने म्हणून घ्या. कुणी न बोलता डोस गेला किंवा राहून गेला, असं होऊ नये.

काढलेला जुना सांधा धुऊ नका आणि ऑटोक्लेव्ह तर मुळीच करू नका. प्रयोगशाळेत सोनिकेशनची सोय असेल तर तो निर्जंतुक डब्यात तसाच पाठवा. तिथे ध्वनिलहरींनी हादरवून त्यावरचा पापुद्रा द्रवात उतरवतात आणि त्या द्रवाचं कल्चर करतात.

प्रश्न : पाचव्या दिवशीच 'नो ग्रोथ, फायनल' असा रिपोर्ट आला. १४ दिवस खरंच लागतात का?

उत्तर : लागतात. पाच दिवसांत स्टॅफिलोकॉकससारखे जंतू उगवतात, क्युटिबॅक्टेरियम बऱ्याचदा त्यानंतर. प्रयोगशाळेला लगेच फोन करा. प्लेटा आणि बाटल्या टाकून दिल्या नसतील तर पुढे ठेवता येतील. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी केलेल्या ग्रॅम स्टेनवर (नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली जंतू पाहण्याच्या तपासणीवर) तर विसंबूच नका, खांद्यात तो बहुतेक वेळा काहीच दाखवत नाही. १४ दिवसांच्या पुढे ठेवून मात्र फायदा नाही. तेव्हा उगवतात ते मुख्यतः बाहेरून पडलेले जंतू.

प्रश्न : सैल झालेला सांधा बदलला. आधीचा ईएसआर २२, सीआरपी ६. पाच नमुन्यांपैकी एकात अकराव्या दिवशी क्युटिबॅक्टेरियम उगवला. आता महिनोन्‌महिने ॲंटिबायोटिक घ्यावं लागेल का?

उत्तर : एवढ्या माहितीवर संसर्ग असण्याची शक्यता कमी आहे. हा जंतू त्वचेतलाच असल्यामुळे नमुना घेताना किंवा प्रयोगशाळेतही पडू शकतो. खरा संसर्ग असला की तो सहसा जास्त नमुन्यांत आणि लवकर उगवतो, पडलेला जंतू एखाद्याच नमुन्यात आणि उशिरा.

अशा वेळी मनाला वाटेल तसं ठरवू नये म्हणून २०१८ साली फिलाडेल्फियात झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ परिषदेने खांद्यासाठी वेगळे गुण ठरवून दिले. सांध्यापर्यंत जाणारी वाहती वाट, सांध्यात उघड पू, किंवा दोन नमुन्यांत एकच आक्रमक जंतू, यांपैकी काहीही असेल तर संसर्ग निश्चित, गुण मोजायची गरजच नाही. नसेल तर बेरीज करायची. जखमेतून अनपेक्षित पाणी आल्यास ४. दंडाच्या हाडातला दांडा सैल असल्यास ३. फ्रोझन सेक्शनमध्ये, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच पाहिलेल्या तुकड्यात, न्यूट्रोफिल भरपूर असल्यास ३. आधी सुईने काढलेल्या पाण्यात जंतू उगवला असल्यास ३. एका नमुन्यात आक्रमक जंतू असल्यास ३, क्युटिबॅक्टेरियमसारखा सौम्य असल्यास १, आणि तोच सौम्य जंतू दुसऱ्या नमुन्यातही असल्यास आणखी ३. गढूळ पाणी, वाढलेल्या पेशी, न्यूट्रोफिलचं वाढलेलं प्रमाण, आल्फा-डिफेन्सिन, ३० च्या वरचा ईएसआर, १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वरचा सीआरपी, यांना प्रत्येकी २.

तुमच्या बाबतीत सैल झालेला दांडा होता असं धरलं तर ३, एका नमुन्यातला सौम्य जंतू १, ईएसआर आणि सीआरपीचे शून्य. एकूण ४. सहाच्या खाली आणि सौम्य जंतूचा एकच नमुना, म्हणून 'शक्यता कमी'. तोच जंतू दुसऱ्या नमुन्यात असता तर बेरीज ७ झाली असती आणि 'बहुधा संसर्ग आहे' असं म्हणावं लागलं असतं. एका तुकड्याने निर्णय असा फिरतो, म्हणून तर वर पाच चिमट्यांचा एवढा आग्रह धरला. दांडा घट्ट होता आणि फक्त वाटी सैल होती, तर तुमचे गुण ४ वरून १ वर येतात. शस्त्रक्रियेची नोंद मागून हे पाहून घ्या. फ्रोझन सेक्शन केलं होतं का, तेही विचारा.

प्रश्न : एमआरआय किंवा बोन स्कॅन करून एकदाच काय ते कळणार नाही का?

उत्तर : नाही. धातूमुळे एमआरआयचं चित्र विस्कटतं. ते कमी करणाऱ्या खास पद्धतीने काढला तर पू साचलेली जागा किंवा स्नायूंची फाटाफूट दिसते, जंतू दिसत नाही. बोन स्कॅन सांधा बदलल्यावर वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ संसर्गाशिवायही तेजस्वी येऊ शकतो. नमुन्याची जागा कोणताही स्कॅन घेत नाही.

प्रश्न : एका खांद्यात हा संसर्ग होऊन गेला. आता दुसऱ्या खांद्याची शस्त्रक्रिया आहे. आधी काही करता येईल का?

उत्तर : करता येईल. मुरुमांवर वापरतात ते बेंझॉइल पेरॉक्साइड, ५ टक्क्यांचं, शस्त्रक्रियेपूर्वी दोन-तीन दिवस खांद्याला, काखेला आणि छातीच्या वरच्या भागाला लावल्याने त्वचेतलं क्युटिबॅक्टेरियम कमी होतं. किती वेळा लावायचं ते सर्जनला विचारा आणि आधी हातावर थोडं लावून आग होते का ते पाहा. काख वस्तऱ्याने भादरू नका. बारीक कापलेल्या त्वचेत जंतूंना वाव मिळतो. त्या खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्याची तारीख सांगा, कारण शेवटच्या तीन महिन्यांत घेतलेल्या इंजेक्शनमुळे धोका वाढतो. मधुमेह असेल तर एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी) आधी करून घ्या. बेंझॉइल पेरॉक्साइडने रंगीत कापडावर पांढरे डाग पडतात. ते दोन-तीन दिवस पांढरा बनियन घाला आणि उशीवर पांढरा अभ्रा ठेवा.